मठाच्या अंगणातली बारा कलमं

३ मे २०२५, शनिवार

मिरीवाला! मला मिरीवाला व्हायला सांगतात.

जर्मनीत, आमच्या एर्लांगेनहून तासाभरावरचा जुना मठ. १५२५च्या बंडात शेतकऱ्यांनी जाळलेला, आता डागडुजी करून उभा केलाय. अंगणात माणसं त्या काळचे कपडे घालून त्या काळची कामं करतात — भट्टीत पाव, टकळीवर लोकर, विळ्याला धार. बंडाला पाचशे वर्षं झाली म्हणून पुढच्या रविवारी तो प्रसंग उभा करणार. पाहुण्यांनाही भूमिका. मी म्हणालो, शेतकऱ्यांचा वक्ता मीच होईन. संयोजक लिंडनरबाई गोड हसल्या. "तुम्ही भारतातले मसाल्याचे व्यापारी व्हा ना. किती शोभेल."

गाडीत माझी बायको नीता म्हणाली, "हो की, शेखर. जन्मात पहिल्यांदा काहीतरी विकशील."

नऊ वर्षं इथे पंप डिझाइन करतोय. मिरी विकायला आलेलो नाही.

६ मे, मंगळवार

कंपनीत कुजबुज — आमचा विभाग बंद करून काम चेक देशात नेणार. शेजारच्या टेबलावरच्या रोल्फला म्हटलं, गप्प बसलात तर नेतीलच.

८ मे, गुरुवार

शेतकऱ्यांनी तेव्हा छापून वाटलेली बारा कलमं जर्मनमध्ये पाठ केली. लाकूड, मासे, कुरणं, सगळं मागितलंय. पण तिसरं कलम वाचताना अंगावर काटा येतो — आम्ही कुणाच्या मालकीचे नाही. कुणाचंही देणं न ठेवणारं वाक्य.

लेक ऋचा सोफ्यावर पाय पसरून उच्चार तपासत होती. "पपा, नॉखमाल." म्हणजे पुन्हा. अकरा वर्षांची आहे, दयामाया नाही.

१० मे, शनिवार

तालीम. कुणाला न विचारता भट्टीच्या कट्ट्यावर चढलो आणि पहिल्या कलमापासून सुरू केलं. पाचव्याला पाववाला हातातला पाव तसाच धरून उभा. बाराव्यानंतर लिंडनरबाईंनी मिरीचं गाठोडं दुसऱ्याच्या हातात दिलं. "आल्झो," म्हणजे चला तर मग, म्हणाल्या, "वक्ता मिळाला."

बोलणाऱ्याला आधी स्वतःचं पटलेलं हवं. व्याकरण मागून येतं.

११ मे, रविवार

तीन-चारशे माणसं. रोल्फ स्वतःच्या छोट्या लेकीला खांद्यावर घेऊन शेतकऱ्यांच्या घोळक्यात. तिसऱ्या कलमाला तो खालून ओरडला, "गेनाऊ!" — अगदी बरोबर! — आणि सगळं अंगण ओरडलं. मठाधिपती झालेला निवृत्त मास्तर दोन पावलं मागे सरला. ते नाटकात नव्हतं.

नीता एवढंच म्हणाली, "बरं झालं नाही विकलीस मिरी."

१३ मे, मंगळवार

आमच्या विभागातल्या सतरा जणांची नोकरी जाणार. गुरुवारी मालकांसमोर कुणीतरी बोलायचं. रोल्फ म्हणाला, शेखर बोलेल. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, माझा इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज अजून सरकारी कचेरीत पडलाय, मला नको. खरंच पडलाय.

कुणीही वाद घातला नाही.