नोराबाईंच्या टेप्स

३ फेब्रु., सोम.
आज आमच्या लायब्ररीत नोराबाई आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, आयरिश, तरुणपणी इथे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला नर्स म्हणून आलेल्या. ट्रॉलीबॅगेत नवऱ्याच्या जुन्या टेप्स. मायकल आठवडाभर रस्ते खणायचा, रविवारी पबमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा. त्यांच्याकडची माणसं जमायची, हा रेकॉर्डिंगचं मशीन लावून ठेवायचा. "तो गेला, पब पाडला. वाजवणारेही उरले नाहीत. तुमच्या जुन्या आवाजांच्या अर्काइव्हला चालतील?"
चालतील काय!

६ फेब्रु., गुरु.
आमच्या साउंडवाल्या डेव्हने टेप्स उलगडून बघितल्या. चिकटल्यात. ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवल्या तर एकदाच वाजतील, तेवढ्यात कॉपी करायची. मग टेपवरचा आवाजाचा थर सुटून येणार. दुसरा चान्स नाही.

१२ फेब्रु., बुध.
पहिली टेप निघाली! ग्लासांची किणकिण, पायांचा ठेका, कोणीतरी ओरडतंय, दार लाव म्हणून. आणि या सगळ्याच्या वर मायकलची फिडल. बस चुकली. चुकू दे.

१९ फेब्रु., बुध.
शेवटची टेप पबमधली नाही. स्वयंपाकघर असावं, नळ गळतोय. मायकल एकटाच. आधी म्हणतो, "हे डेक्लनसाठी." मग संथ धून. मध्येच थांबतो. नुसता श्वास. पुन्हा पहिल्यापासून.
डेव्हने हजारो आयरिश धुना ऐकल्यात, ही नाही. स्वतःच रचली असणार. टेप वाजता वाजताच सोलली. आता फक्त आमची कॉपी.

२४ फेब्रु., सोम.
नोराबाईंना ऐकवलं. आधी पब. हसत होत्या, आवाजावरून एकेकाला ओळखत होत्या. मग ही टेप. 'डेक्लन' ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.
मग सांगितलं. पहिलं मूल. जेमतेम काही दिवस जगलं. त्या हॉस्पिटलमध्येच होत्या, मायकल एकटा जाऊन पुरून आला. त्या घरी आल्या तेव्हा पाळणा घरातून काढून टाकलेला. नाव फक्त दोघांना माहीत. "त्याने ते पुन्हा कधी घेतलं नाही. मला वाटायचं, विसरला."
जाताना म्हणाल्या, "बाकी सगळं ठेवा. हे पुसून टाका."

२५ फेब्रु., मंगळ.
डेव्हशी वाजलं. तो: "पुसलं की संपलं. परत कुठून आणणार?" मी: ते आपलं नाहीये. "त्यांचं तरी कुठे आहे? मायकलचं आहे."
घरी नवऱ्याला, सुहासला सांगितलं. तो हॉस्पिटलात नवजात बाळांच्याच वॉर्डात कामाला. हातातली डिश धुतच राहिला. मग एवढंच, "बाळाच्या आईचं ऐक."

३ मार्च, सोम.
नोराबाईंना फोन केला. म्हटलं, कोणाला ऐकू न देता बंद करूनही ठेवता येईल. "इतकी वर्षं बंदच तर होतं." बरं, मग पुसते, म्हटलं.
"थांबा." त्या म्हणाल्या. "मी पूर्ण ऐकलंच कुठे?"

७ मार्च, शुक्र.
नोराबाई आल्या. पूर्ण ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. मी काचेपलीकडे उभी, डेव्ह उगाच केबल गुंडाळत बसलेला.
बाहेर येऊन कोट घालताना म्हणाल्या, "शेवटी जरा बेसूर झालाय." मग, "आज नका काही करू. मला एकदा त्याच्या कबरीवर जाऊन येऊ द्या."
कोणाच्या, विचारलं नाही. स्टॉपपर्यंत सोडलं. डेव्हला सांगितलं, फाइलला हात लावायचा नाही. अर्काइव्हमध्ये ठेवायलाही नाही, पुसायलाही नाही.