वापरात आहे, काढता येत नाही

४ जून
लागले एकदाची कामाला! श्वासयंत्रं बनवणारी कंपनी, खिडकीजवळची जागा, चहाही बरा. यंत्रातल्या संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, सारखा नवा निघतो. पंप चालवणारं आमचं मॉड्यूल, म्हणजे गाभ्याला जोडायचा प्रोग्रॅमचा तुकडा, जुन्या-नव्या प्रत्येक गाभ्यात नीट बसलं पाहिजे. माझ्याकडे चार नंबरचा गाभा आलाय. घरी आत्या चार नंबरच्याच यंत्रावर श्वास घेते. म्हणाली, आता माझा जीव तुझ्या हातात गं बाई. वर हसली, लबाड!

९ जून
शेजारच्या टेबलावर तात्या, तीन नंबरवाले. कुरकुरतात फार, पण शिकवतात मन लावून. म्हणाले, कुणीतरी धरून असेल तोवर मॉड्यूल निघत नाही. काढायला गेलं की पडद्यावर येतं: वापरात आहे, काढता येत नाही. तुझ्यासारखंच हट्टी, असंही म्हणाले.

१७ जून
काल नवा गाभा आला आणि साहेबांनी तीन नंबर बंद केला. आज तात्यांचं टेबलच नाही. विचारलं तर सगळे म्हणतात, कोण तात्या? तीन नंबरची यंत्रं, त्यांचे पेशंट? साहेब म्हणाले, असं यंत्र आपण कधी बनवलंच नाही.

२३ जून
आता चार नंबर काढायचा म्हणे. मी तोंडावर सांगितलं, जमणार नाही. माझी आत्या आहे त्यावर. साहेब गोड हसले. त्यांना माझं नाव आठवेना.

२४ जून
ऑफिसच्या दाराशी कार्ड चालेना. वॉचमन रोज हसायचा, आज म्हणाला, बाई, तुम्ही कोण? खड्ड्यात जा सगळे! लॅपटॉप घेऊन घरी आले. आत्याच्या यंत्राला जोडलाय, मॉड्यूल धरून ठेवायला.

२५ जून, सकाळ
तिकडून, ऑफिसातून, चार नंबर काढायला बघतायत. पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच: वापरात आहे, काढता येत नाही. वापरणारे: एक.
बसा बोंबलत!

दुपार
उजवा हात आत्याच्या हातात. डाव्याने लिहितेय — करंगळी दिसत नाही. भीती वाटतेय, खूप. तरी उठणार नाही. पंप चालू आहे.

नंतर
आत्याने डोळे उघडले. विचारते, कोण गं तू? —
हात मात्र सोडला नाही तिने. घट्ट धरलाय. नको सोडूस, आत्या — या म्हणावं, काढूनच दाखवा, मी इथून काही —