जायफळाची कॉफी आणि दहिवलीचे घर

मी, यमुना रामचंद्र टिपणीस, वय वर्षे बासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मजवर कोणाचा दाब नाही. दाब असलाच तर माझा इतरांवर असतो.

१. दहिवलीचे घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात ठकी पदू हिने हयात असेपर्यंत राहावे. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरून ती भांडी घासायला आली आणि राहिली ती राहिलीच. तिच्यामागे घर पुतण्या दिनकर याचे. "काकींच्या मागे तू आपली वाडीवर जा," असे तो माझ्यादेखत तिला म्हणाला. ती जाणार नाही.

२. बांगड्या दिनकरच्या पत्नीस. तिने त्या घालाव्यात, पेटीत ठेवू नयेत. पुस्तके शाळेस.

३. कॉफी दळण्याचे पितळी यंत्र ठकीस. पुण्यास कॉलेजात असताना म्हैसूरच्या मैत्रिणीने ते मला दिले. त्या काळी आमच्याकडे कॉफी आजाऱ्याला मिळे, नाहीतर व्याह्यांना. विधवेने ती जागून वाचण्यासाठी प्यावी, हे थोरल्या दिरांना अखेरपर्यंत पटले नाही. ते गेले, मी अजून पिते. एका फकिराने अरबस्तानातून दाढीत बिया लपवून म्हैसुरात आणल्या, ही मैत्रिणीची गोष्ट मी ठकीला सांगितली. ती म्हणाली, "म्हंजी बाय, चोरीचा माल पितो आपून?"

लढाईत कॉफी मिळेना, तेव्हा ठकीने टाकळ्याच्या बिया गोळा करून, भाजून, याच यंत्रात दळल्या. चव वाईट होती. मी रोज प्यायले.

कॉफीत जायफळ घालायचे नाही, असा या घरात माझा नियम आहे. त्याने झोप येते. माझे दुखणे वाढल्यापासून ठकी ते गुपचूप घालते. विचारले तर म्हणते, "मी नाय घातला, बाय. त्या फकिरानंच घातला आसंल."

४. दहाव्याला पिंडाशेजारी ठकीच्या हातची कॉफी ठेवावी. दिनकर तिच्या हातचा कप घेत नाही. कावळ्याची तशी अडचण नसावी. कावळा शिवला नाही, तर दिनकरने सर्वांदेखत मोठ्याने म्हणावे, "काकी, ठकी या घरातून जाणार नाही." कावळ्यावर माझा विश्वास नाही. दिनकरचा आहे, म्हणून लिहिले.

त्या कपात जायफळ घालण्यास ठकीला परवानगी आहे. दिनकरचे तेवढे वाक्य कानी पडले की मला जागण्याचे कारण उरत नाही.

साक्षीदारांनी ठकीच्या हातची कॉफी घेऊन, जायफळ चढण्यापूर्वी, माझ्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:
आबाजी बुधाजी भोईर, दहिवली
सहदेव कोंडाजी ठोंबरे, कर्जत

(सही) यमुना रामचंद्र टिपणीस
मुक्काम दहिवली, ९ डिसेंबर १९४६