तुझ्या घरचा निळा जाळ

नानगाव, ता. दौंड
१२ डिसेंबर १९९७

चि. सौ. सविता हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. इंद्रजीतरावांना नमस्कार सांग, सासूबाईंच्या गुडघ्याचं कळव. आमच्या उसाची तोड झाली, कारखान्याच्या गाड्या येऊन गेल्या. जर्सी गाय व्यायली, कालवड झाली. तुझे दाजी म्हणाले, "तुझ्या बहिणीचं नाव ठेव तिला, तशीच फुगून बसती." मी हसले नाही. थोडी हसले.

दिवाळीपासून तुझं पत्र नाही, निरोप नाही. तुमच्या तळेगावच्या बाजाराला इकडची माणसं येतात, त्यांच्याजवळ दोन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? असो. पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या शेजारच्या दगडाबाईला तुझ्या गोबरगॅसबद्दल काही विचारायचं आहे. तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते. माझा काही संबंध नाही.

ती विचारते, जाळ निळाच का असतो? दूध उतू गेलं तर वेगळा वास येतो का? भाकरी फुगते, की शेवटी निखाऱ्यावरच शेकावी लागते? घरात पाहुणे जास्त आले की गॅसही जास्त होतो का? (हे तिचं डोकं, माझं नाही.) थंडीत तो आळसावतो म्हणतात, ते खरं का? आणि संडासचा पाइप त्याच टाकीला जोडलाय हे ठाऊक असताना तुझ्या घशाखाली पहिला घास उतरला कसा? सगळं नीट लिही. बाई चौकस आहे, अर्ध्या उत्तरानं तिचं भागत नाही.

विषय निघालाच आहे तर सांगते. दिवाळीत तुझ्या घरी मी भरल्या ताटावरून उठले, ते माझं पोट बिघडलं होतं म्हणून. तू वाढता वाढता कौतुकानं सांगत होतीस, "ताई, सिलिंडर न्हाई का सरपण न्हाई. गोठ्यातलं शेण आन् संडासचं, सगळं एकाच टाकीत जातंय, त्याचाच ह्यो गॅस." तुझी सासू, जावा, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हात धुतला, पिशवी उचलली आणि एसटी गाठली. तू फाट्यापर्यंत पोचवायलासुद्धा आली नाहीस. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी तुझ्या गॅसची गोष्ट सांगून अख्खी आळी हसवली. तुझ्या पातेल्यांची बुडं मात्र किती लखलखीत होती, हे कुणाला सांगितलं नाही. चुलीपुढं बसले की तेच डोळ्यांपुढं यायचं.

आमच्या अंजनाला सातवा महिना लागलाय. सून चांगली आहे, तोंडातून शब्द निघत नाही. वेड्या बाभळीचं ओलं सरपण फुंकून तिचे डोळे लाल झालेले असतात. मी म्हणायचे, आम्ही नाही का फुंकलं? मग तिला लघवीला जळजळ सुरू झाली. केडगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, भरपूर पाणी प्या. ही पिईना. एक दिवस मी तांब्या घेऊन तिच्या पुढ्यातच बसले आणि विचारलं, "प्यायला काय हुतंय तुला?"

मान खाली घालून म्हणाली, "आत्या, ऊस तुटला. आता आडोसा कुठं हाय? अंधार पडोस्तर दम धरावा लागतोय, म्हून पीत न्हाई."

सविता, या घरात आल्यापासून मीही त्याच उसाच्या आडोशाला जाते. दरवर्षी तोड झाली की मीसुद्धा पाणी कमी करते, आणि आपण असं करतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या पोरीपुढं मला लाज वाटली. मग राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तुझ्या दाजींवर काढला.

आता खरं लिहिते. दगडाबाईनं काहीसुद्धा विचारलेलं नाही. ती तर आमच्या परड्यातून जाताना नाकाला पदर लावते, आणि अजून टाकीत काही पडलेलंही नाही. हो, टाकी बांधून झाली. संडासही झाला. हे सगळे प्रश्न माझे आहेत. आणि दिवाळीत माझं पोट ठणठणीत होतं.

दाजी म्हणत होते, "नुस्त्या शेणाचा करू, लोक काय म्हंतील?" मी म्हणाले, संडासही जोडायचा. लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे, मीच म्हणून बसले आहे.

आता एकच अडलं आहे. हौशीराम गवंडी म्हणतो, "काकी, चालू गोबरगॅसमधलं जुनं शेण दोन पिंपं आणून वता. इरजण लागतं बघा ह्याला बी. न्हाईतर असल्या गारठ्यात शिमग्यापतुर जाळ दिसायचा न्हाई." शिमग्यात तर अंजनाचे दिवस भरतात. तोवर तिला धुरात बसवायची माझी तयारी नाही.

केडगावात एकाकडे चालू गोबरगॅस आहे, मागितलं तर तो नाही म्हणणार नाही. दाजी पिंपं घेऊन निघालेच होते, मी अडवलं. त्याच्याकडचं आणून माझा गॅस पेटेल, पण तू काही माझ्या घरी यायची नाहीस. मला दोन्ही हवं आहे. मी चार बायकांसमोर तुझ्या घरच्या अन्नाला नाव ठेवलं, तर त्याच बायकांसमोर तुझ्या टाकीतलं मागून नेईन. तुझ्या जावा घरात असतील असाच वार बघते. पुढच्या रविवारी, २१ तारखेला, टेंपो सांगितला आहे.

तू नको म्हणालीस तरी मला चालेल असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे, चालणार नाही. नको म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण.

अंजनाला बाळंतपणात तुझा हात पाठीवर हवा आहे. तिनं हे मला सांगितलं नाही, मी तिला तसं सांगितलं आहे.

मोठी असून तुझ्या दारी शेण मागायला येणारी,
तुझी सोजरताई