शेवंतीची पावलं

५ जाने., सोम.
आज माझी ६,११२. शेवंतीची ५,८४०. हरवली तिला! धाकटी बहीण माझी, डिचोलीला दिलेली. लहानपणी धावताना कधी पुढे जाऊ दिलं नाही मला. आता बघ म्हणावं. चवथीच्या गणपतीत सुनेनं, अनितानं, दोघींच्या फोनात हे पावलांचं अ‍ॅप घालून दिलं. तेव्हापासून फोन कमरेला खोचूनच असतो. तुळशीला पाच प्रदक्षिणा घालायच्या तिथे अकरा घालते. देव हसत असेल.
आज त्यात लाल पट्टी आली. अनिता वाचून म्हणाली, "आई, ह्या फोनात हे महिनाअखेरपर्यंतच चालणार. फोन जुना झाला." फोन जुना, मग मी काय नवी? नवा शिमग्याला, मुलगा तारवावरच्या नोकरीतून रजेवर येईल तेव्हा.

९ जाने.
शे. काल ९००, आज १,२०४. फोन केला. "काय गे, खाटीर बसान जेवतस काय?" हसली नाही. म्हणाली, "बरां आसा गे आक्का. पापड लाटतंय." पापड? जानेवारीत?
मागे पोटाचं ऑपरेशन होऊन टाके काढल्यावर कळवलं होतं हिनं. 'तू उगीच भियेतस' म्हणे. तिच्या 'बरां'वर माझा भरवसा नाही. पावलं दिसतात ते बरं.

१२ जाने.
३१०. मी जरा जास्तच बोलले. "पांगळी झालंस गे! मी बहात्तराची, तू सत्तराची, नि..." मागे तिच्या नातवाचा पाळणा कुरकुरत होता. मग म्हणाली, "फाल्यां बघ मगे." उद्या काय बघायचं?

१३ जाने.
७,४५०!! हरले, पण काय आनंद. उद्या संक्रांत, लाडू वळायला घेतलेत. पाववाला पोदेर आला, त्यालाही सांगितलं. चार उंडे घ्यायची ते सहा घेतले. "आजये, तुजी भयण धांवता काय कितें?" म्हणतो. धावते तर!

२० जाने.
शे. रोज सात हजार, आठ हजार. कुठल्या वेळी किती ते अनितानं उघडून दाखवलं. दुपारी एक ते तीन, नि तिन्हीसांजेला. बाकी दिवसभर एक पाऊल नाही. माणूस सकाळी न्हाणीत तरी जातं की. नि दुपारच्या उन्हात ही कुठे फिरते?
फोन केला. तिची सून दीक्षा, "मावशी, त्या आत्ताच जरा आडव्या पडल्यात." तीनदा केला, तीनदा पडल्यात.
देवळात कौल घ्यायला प्रसाद लावला. पाकळी डावी पडली. भट म्हणाले, पंखा चालू होता. होता खरा.

२७ जाने.
शेजारची लक्ष्मी रेशनला गेली, तिचं बाळ माझ्याकडे. गप्प होईना. फोनवर आरती लावली, पाळण्यात पायथ्याशी ठेवला, नि कदेलीवर, खुर्चीत बसून दोरी ओढत राहिले. निजलं. फोन काढून बघते तर दोन हजार पावलं वाढलेली! बसल्या जागी! असं हसू आलं की पदर तोंडात धरला. अगे चोरटे शेवंती! दुपारी नि तिन्हीसांजेला. पोर निजवायची वेळ.
मग हसू गेलं.
पांगळी म्हटलं मी तिला.

२८ जाने.
शे. ६,३००. अनिताला काही सांगितलं नाही. खाटीवर पडून दोरी ओढत असणार. म्हणजे हाताला जोर आहे. ओढ बाय, ओढ.

३० जाने.
काल २,१००. आज दिवे लागले तरी ०. पोर तर रोज निजणारच ना? फोन वाजून वाजून थांबला.

३१ जाने., शनि.
०. दहा वेळा उघडलं.

१ फेब्रु.
अ‍ॅप गेलं. ह्या फोनात चालत नाही एवढंच लिहून येतं. शून्य तरी दिसत होतं.
दुपारी दीक्षानं उचलला. "बऱ्या आहेत हो मावशी." दे तिच्याकडे, म्हटलं. "निजल्यात." मागे पाळणा वाजत नव्हता. पुष्कळ माणसं होती घरात, हळू बोलत होती. विचारलं, कोण आलंय गे? म्हणाली, "टीव्ही."
अनिता म्हणते बुधवारी रजा घेते, दोघी जाऊ. बुधवार कोणी बघितलाय.

२ फेब्रु., सोम.
म्हापशाच्या स्टँडवर बसून लिहिते. डिचोलीची बस अजून लागली नाही. पिशवीत तिच्या वाटणीचे लाडू आहेत. सकाळी घरापासून पेडण्याच्या बसपर्यंत तोंडानंच मोजत आले. शंभर झाले की एक बोट मुडपायचं. आठ बोटं भरली, वर थोडी. तिला सांगायचं, मी पाळण्यावर नाही मिळवली.
फोन दोनदा वाजला. दीक्षाचं नाव. उचलला नाही.
बस लागली.