एक्केचाळीस नंबरचा शेजारी

प्रिय उज्वला,

राग येईल, तरी शेवटपर्यंत वाच. फोनवर हे बोलायची माझी छाती नाही.

तू हैदराबादला गेलीस आणि पंधरा दिवसांत पिरंगुटच्या लॅबमधला आपला एक्केचाळीस नंबर बंद पडला. श्रीवर्धनच्या समुद्रातल्या गाळातून काढलेला तो जिवाणू! जेवणातल्या पिठाची साखर करणारं एन्झाइम त्याच्या रसानं जागच्या जागी थांबायचं. मधुमेहावर औषध निघेल म्हणून आपण दोघी नाचलो होतो. आता तोच रस म्हणजे नुसतं पाणी. दहादा करून पाहिलं, एन्झाइम काही थांबेना. मला वाटलं, हा आपला एक्केचाळीस नव्हेच. खरी नळी उज्वलानं पळवली, खोटी ठेवली. मग काय, सगळं जुळतच गेलं. शेवटच्या दिवशी फ्रीझरपाशी एकटीच काय करत होतीस? नव्या कंपनीला तुझी एवढी घाई का होती?

एका रविवारी पेढे घेऊन घोटावड्याला तुमच्या घरी गेले. कोंडाकाकू चहा ठेवायला वळल्या तेवढ्यात मी फ्रिज उघडला. आत मेंढ्यांच्या लसीच्या बाटल्या. एकेक उजेडात धरून पाहिली गं! काकू मागंच उभ्या. ‘काय शोधतीस गं पोरी? भूक लागलीया व्हय?’ म्हणाल्या आणि बळंच जेवायला बसवलं. मी जेवलेही. वर मनात म्हटलं, मायलेकी मिळून लपवतायत.

परवा फ्रीझरच्या तळाशी तुझी नळी सापडली. वर तुझं अक्षर: ‘दोघं एकत्र. वेगळे करू नयेत.’ वाढवून पाहिली आणि एन्झाइम थांबलं! एक्केचाळीसच्या शेजारी कायम एक पिवळट ठिपका उगवायचा बघ. तुझ्या गबाळेपणामुळे शिरलेली घाण समजून, तू गेल्यावर मीच तो काढून टाकला होता. तो शेजारचा जिवाणू असला तरच आपला एक्केचाळीस औषधाचा रस सोडतो. चोरी झालीच नव्हती. मी साफसफाई केली होती.

उज्वला, ज्या निनावी तक्रारीमुळे नव्या कंपनीनं तुला घरी बसवलंय, ती आपल्या लॅबच्या सरांची नाही. माझी आहे. तू रडत विचारलंस तेव्हा ‘सरच असतील’ म्हणणारी मीच. आज तुझ्या कंपनीला माझ्या नावानं, सहीनं सगळं खरं लिहून पाठवलंय. प्रत सोबत आहे. तुझी नोकरी त्यानं परत मिळावी. मला माफ कर म्हणायला मात्र मला तोंड नाही.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
धम्मदीपा