कॅलमला सांगितलेला शब्द

३ ऑक्टोबर
पुन्हा कॅलम! भात वाढायच्या आधीपासून कॅलम. कल्याणीच्या म्युझियममधला नवा सहकारी. हायलँड्सकडच्या स्काय बेटावरचा, तिथली गेलिक भाषा बोलणारा. दोघं मिळून एक एक्झिबिशन करतायत — हायलँड्समधल्या डोंगरी लोकांना खालचे स्कॉटिश लोक पूर्वी काय काय म्हणायचे. 'केटरन', म्हणजे लुटारू. 'आयरिश', म्हणजे आपल्यातले नव्हेतच. आणि 'ट्यूख्टर' — गावंढळ. हा तर अजून चालतो म्हणे.

"कॅलमला ग्लासगोच्या शाळेत सगळे तेच म्हणायचे रे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी! एका शब्दासाठी?

५ ऑक्टोबर
फोटो पाहिला. उंच आहे. केसही शाबूत.

९ ऑक्टोबर
ती आंघोळीला गेलेली. तिचा फोन वाजला — कॅलम. मी फोन पालथा ठेवला. नंतर सांगितलंही नाही.

१२ ऑक्टोबर
उद्घाटन. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मुद्दाम तिच्या खांद्यावर हात ठेवून फिरलो. कॅलम भला माणूस निघाला, हाच वैताग. मी थट्टेत म्हटलं, "सो यू आर द ट्यूख्टर!" तो हसला, पण जरा थांबून. कल्याणी हसली नाही.

कोट आणायला गेलो तर आतल्या खोलीत ती त्याला स्वतःबद्दल सांगत होती. शाळेत नळापाशी मुली तिला जातीच्या नावानं हाक मारायच्या. ती दिवसभर तहानलेली राहायची, पण नळावर जायची नाही.

आमचा इतक्या वर्षांचा संसार. मला कधी सांगितलं नाही! त्यानं तिचा हात धरला असता तरी परवडलं असतं.

१३ ऑक्टोबर
भांडी आपटून घासली.

१४ ऑक्टोबर
विचारलंच. "त्याला सांगतेस, मग मला का नाही?"

"त्याला समजावून सांगावं लागत नाही."

"मी काय परका आहे? मी कधी जात मानली?"

ती उठून गेली.

१५ ऑक्टोबर
सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "तो शब्द शाळेतच संपला नाही, साकेत. यंदा गणपतीत पुण्याला तुझ्या आईनं मावशींशी बोलताना माझ्यासाठी वापरला. मी दारात होते. तू तिथेच मोदक खात होतास."

दिवसभर आठवून पाहिलं. मोदक आठवतात. शब्द आठवत नाही.